दुर्बिणीची हुडहुडी

एका जंगलात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. ते कसं काय, म्हणाल, तर त्या जंगलात मथुरावहिनी राहायच्या.

मथुरावहिनी जातीच्या मुंगूस. मुंगूस पाहिलंय ना तुम्ही, बाळांनो? मागच्या दोन पायांवर उभं राहतं, मान उंच करतं आणि चहूकडे बघतं. देवाने ही सोय साप दिसावा म्हणून केली होती. वहिनींनी ती शेजार दिसावा म्हणून वापरली. काही लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे. ज्याच्या घरातून दुपारपर्यंत धूर निघाला नाही, त्याच्या दारात पेजेची वाटी घेऊन कोण जायचं? मथुरावहिनीच. आणि धूर निघाला नाही हे कळायला आधी बघावं लागतं.

त्यांच्या बिळाला लागून धुंडिराज खवले यांचं बीळ होतं. धुंडिराज म्हणजे खवले मांजर. नावात मांजर आहे, पण मांजराशी त्यांचं जाणं-येणंसुद्धा नव्हतं. अंगभर खवले, लांबलचक जीभ, खाणं मुंग्यांचं आणि स्वभाव कमालीचा भिडस्त. कुणी जरा मोठ्याने "काय म्हणताय?" विचारलं तरी अंगाची गुंडाळी करून बसायचे. एकदा गुंडाळी झाली की बाहेरचं काही दिसायचं नाही, धड काही ऐकू यायचं नाही. अगदीच काही सांगायचं असेल तर गुंडाळीच्या फटीला तोंड लावून सांगावं लागे. एवढं खाली वाकायला जंगलात वेळ होता फक्त वहिनींना.

या धुंडिराजांकडे एक दुर्बीण होती. सहलीला आलेली माणसं जंगलात काय काय टाकून जातात ते तुम्हाला माहीतच आहे. बहुतेक वेळा वेफर्सच्या पिशव्याच असतात. एकदा दुर्बीण आली. तिच्या बुडाला कॅमेरा जोडलेला. दोन्ही बिळांच्या मागे एक बोडकी टेकडी होती, आणि सगळ्या जंगलात मोकळं आभाळ दिसायचं ते तिथूनच. बाकी जिकडे बघावं तिकडे फांद्या. त्या टेकडीवर धुंडिराजांनी दुर्बीण उभी केली आणि मनात घेतलं की आपण हर्षलचा फोटो काढायचा.

"हर्षल कोण? तुमच्या बहिणीचा का?" वहिनींनी विचारलं.

धुंडिराज म्हणाले, ग्रह आहे. शनीच्याही पलीकडे राहतो.

एवढ्या लांब राहायला गेला म्हणजे घरात काहीतरी बिनसलं असणार, असं वहिनींना वाटलं. पण ग्रहांच्या घरातलं आपल्याला काय करायचंय, म्हणून त्यांनी जास्त विचारलं नाही. म्हणजे त्या दिवशी नाही विचारलं.

आता ग्रहाचा फोटो म्हणजे काही लग्नातला फोटो नव्हे. लग्नात "इकडे बघा" म्हटलं की नवरी इकडे बघते. हर्षल दुर्बिणीतूनसुद्धा मुगाच्या दाण्याएवढा दिसायचा, हिरवट निळसर. त्यात मधे सगळी हवा. वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेला खडा बघा. खडा जागचा हलत नाही, पण वरून बघणाऱ्याला तो नाचतोय असंच वाटतं. हर्षलचं तसंच. म्हणून धुंडिराज एक फोटो काढत नसत. भराभर हजारो काढत. मग बिळात बसून त्यातले हललेले टाकून द्यायचे, न हललेले ठेवायचे आणि ते एकावर एक रचून सगळ्यांचा मिळून एक फोटो करायचा.

वहिनींना हे लगेच समजलं. हा तर तांदूळ निवडायचाच प्रकार, त्या म्हणाल्या. फक्त यात खडे परातभर आणि तांदूळ चिमूटभर.

धुंडिराजांना हे इतकं आवडलं की त्यांनी शेपटीचं टोक हलवलं. भिडस्त प्राण्याचा आनंद एवढाच असतो.

असं सगळं सुखाने चाललं होतं. पण वाघोबा सरकारांच्या दरबारात कोल्होबा कारभारी होते, आणि कारभारी म्हटला की योजना आलीच. कोल्होबांनी योजना मांडली की बोडक्या टेकडीवर सेल्फी पॉइंट करावा. मधोमध मोठ्ठं लाल बदाम उभारायचं, त्यावर 'आय लव्ह जंगल' असं लिहायचं आणि चारी अंगांनी दिवे सोडायचे. धुंडिराजांना बिऱ्हाडासकट वेळूच्या बेटात जागा द्यायची. वेळूच्या त्या बेटात दिवसाढवळ्यासुद्धा आभाळ दिसत नसे.

वाघोबा न्यायी होते. निकाल देण्याआधी ते नेहमी जांभई देत, म्हणजे दोन्ही बाजूंना विचार करायला वेळ मिळे. त्यांनी विचारलं की हा खवले टेकडीवर रोज करतो तरी काय. ग्रहाचा फोटो काढतो म्हटल्यावर त्यांना मौज वाटली.

"मग दाखवू दे की," ते म्हणाले. "संक्रांतीच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर दाखवू दे. आम्हाला ग्रह दिसला तर टेकडी त्याची. नाही दिसला तर बदाम."

हे ऐकून धुंडिराज गुंडाळी होऊन घरंगळत घरी आले. आणि वहिनी काळजीत पडल्या.

सेल्फी पॉइंटवर त्यांचा तसा राग नव्हता. उलट येणारेजाणारे दिसले असते. पण धुंडिराज वेळूच्या बेटात गेल्यावर शेजारी कोण? वहिनींचे यजमान दिवसभर झोपायचे, आणि जागे झाले की "हं" म्हणायचे. काल उशीर का झाला, आज मुंग्या कुठल्या, पाठ दुखत होती ती राहिली का, या प्रश्नांची सरळ उत्तरं सगळ्या जंगलात एकटे धुंडिराज द्यायचे. बाकीचे वहिनी दिसल्या की वाट बदलायचे. विचारणाऱ्याला उत्तर देणारा शेजारी मिळणं सोपं नसतं, बाळांनो. तुमच्या आयांना विचारा.

तेव्हा वहिनींनी ठरवलं की या कामात आपण हातभार लावायचा. लक्ष तर त्यांचं आधीपासून होतंच.

एका संध्याकाळी त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. मुगाचा दाणा दिसला. तो थरथरत होता. वहिनींनी डोळा चोळून पुन्हा बघितलं. तरी थरथरत होता. मग त्यांनी दुर्बिणीच्या नळीवर हात ठेवला आणि त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. नळी बर्फासारखी गार. वर दवाचे थेंब. पौषातले दिवस, बोडकी टेकडी, झोंबरा वारा आणि ही बापडी उघड्यावर, अंगावर चिंधी नाही. अंग इतकं गारठल्यावर ती थरथरणार नाही तर काय करणार? वहिनींनी चांगली डझनभर पिल्लं वाढवली होती. हुडहुडी कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

धुंडिराजांना त्या काही बोलल्या नाहीत. भिडस्त माणसाला उपकाराचं ओझं होतं, म्हणून त्याच्यावर उपकार करावेत ते त्याला कळू न देता, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धुंडिराज झोपले तशा वहिनी टेकडीवर गेल्या. नातवाची गोधडी दुर्बिणीला पांघरली. खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली. दिवेलागणीला धुंडिराज उठायच्या आत गोधडी काढली, शेगडी उचलली आणि दारात मेथी निवडत बसल्या.

आता तुम्ही शहाणे आहात, तरी सांगून ठेवते. दुर्बिणीला गारठाच मानवतो. बाहेरची हवा जेवढी गार तेवढी नळी गार असली म्हणजे चित्र जरा ठरतं. नळी तापली तर तिच्या पोटातलीच हवा उकळायला लागते. त्या संध्याकाळी हर्षल नुसता थरथरला नाही. तापल्या तेलात मोहरी पडावी तसा तो तडतडला.

धुंडिराज तोंड पाडून खाली आले.

"आज थरथरत होता का हो?" वहिनींनी मेथीतून मान वर न करता विचारलं.

"कालच्यापेक्षा जास्त."

"वाटलंच मला," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गोधड्या नेल्या.

असं ते सुरू झालं. हर्षल जितका तडतडे तितकी वहिनींची माया वाढे, आणि माया वाढली की निखारे वाढत. दोनाच्या तीन गोधड्या झाल्या. नळीला निलगिरीचं तेल चोळून झालं. एकदा तर वहिनींनी हळदीचा शेकही दिला. संध्याकाळी धुंडिराज फोटो काढायला लागले की त्या वाफाळता चहा घेऊन जायच्या आणि नेमक्या दुर्बिणीच्या तोंडापुढे उभ्या राहून विचारायच्या, आज कसं वाटतंय तिला. मागे सगळ्या वस्तीच्या चुली पेटलेल्या असायच्याच.

इकडे धुंडिराज रात्रभर निवडायला बसायचे. परातभर खडे निघायचे, तांदूळ एक नाही. त्यांनी भिंगं पुसली. स्क्रू काढून पुन्हा बसवले. दुर्बिणीचं तोंड पूर्वेचं पश्चिमेला करून पाहिलं. शनिवार धरले. मुंग्या गोड लागेनात. शेवटी ते मोरे मास्तरांकडे गेले.

मोरे मास्तर म्हणजे मोर. जंगलाच्या शाळेत ते चित्रकला आणि खगोल असे दोन विषय शिकवायचे आणि दोन्हींत रंग वापरायचे. त्यांनी सल्ला दिला की फोटोत मस्तपैकी रंग भरा, दोन पट्टे ओढा, एखादा डोळा काढा. रंगवलेला ग्रह हलत नाही.

धुंडिराज म्हणाले, "मास्तर, जे त्याच्या अंगावर नाही ते त्याच्या अंगावर कसं काढू? त्याला काय वाटेल?"

मास्तरांनी पिसारा मिटला. ज्याला ग्रहाची भीड वाटते त्याला शिकवण्यात अर्थ नसतो.

बघता बघता भोगीचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी संक्रांत, मेळावा आणि वाघोबांचा निकाल. काळजीने धुंडिराजांचा दुपारी डोळा लागेना. ते उठले आणि टेकडीवर गेले.

तिथे काय पाहावं, तर दुर्बीण तीन गोधड्यांत गुडुप झालेली. खाली शेगडी लाल. आणि वहिनी नळीला निलगिरी चोळता चोळता समजूत घालत होत्या, "आजचा एक दिवस थरथरू नकोस, शहाणी माझी ती. उद्या मेळावा आहे."

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. धुंडिराजांनी जागच्या जागी गुंडाळी केली.

वहिनी धावत आल्या, वाकल्या आणि फटीला तोंड लावलं.

"भावजी, तुम्हालाही थंडी बाधली का?"

आतून मग बारीक आवाज आला. "वहिनी, तिला थंडीच लागते हो. गार असली तरच तिला नीट दिसतं."

वहिनी गप्प बसल्या. जंगलाच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं.

"रोज पांघरता?" आतून विचारणा झाली.

"रोज नाही," वहिनी म्हणाल्या. "मधे मला ताप होता तेव्हा राहिलं."

त्या तापाच्या दिवसांतच काय ते दोन बरे फोटो निघाले होते. धुंडिराजांना ते आठवलं. गुंडाळी आणखी घट्ट झाली.

"मग मला आधी सांगायचं नाही का?" वहिनी म्हणाल्या. "मी रोज विचारत होते, थरथरतोय का म्हणून. तुम्ही नुसतं जास्त, जास्त म्हणायचात."

"मला वाटलं तुम्ही आपुलकीने विचारताय."

"अहो, आपुलकीनेच विचारत होते."

यावर गुंडाळीच्या आत खवले खुळखुळले. धुंडिराज रडत होते की हसत होते ते वहिनींना कळलं नाही, आणि त्यांना न कळलेली ती जंगलातली एकमेव गोष्ट. पण थोड्या वेळाने आतून एवढं आलं की अजून एक संध्याकाळ हातात आहे. दुर्बीण निवायला हवी. आणि वस्तीतल्या चुलींची धग टेकडीवर न येती तर फार बरं झालं असतं, पण ते कसं व्हायचं, आज भोगी.

खरंच कठीण होतं. भोगी म्हणजे घरोघरी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, वांगी-गाजर-पावट्याची वाफाळती भाजी, वर लोण्याचा गोळा. अशा दिवशी चूल विझवा म्हणून कोण सांगणार, आणि कोण ऐकणार?

वहिनींनी पदर खोचला.

त्या दारोदार गेल्या. आरडाओरडा केला नाही. साळिंदराच्या घरी एवढंच विचारलं की यंदाची रताळी छान आहेत, कुणाच्या वाफ्यातली म्हणायची? अस्वलाच्या घरी म्हणाल्या, मधाचं पोळं मागच्या खोलीत हलवलंत ते बरं केलंत, कोल्होबांची दृष्ट वाईट. सशाकडे गेल्या आणि नुसत्या उंच होऊन सगळ्या घरभर एकदा बघून आल्या. इतक्या वर्षांचं बघणं त्या दिवशी कामाला आलं. ऊन उतरायच्या आत एकूणएक चूल विझली. त्या वर्षी अख्ख्या जंगलाने भोगीची भाजी गार खाल्ली आणि मनातल्या मनात वहिनींचा उद्धार केला.

संध्याकाळ झाली. वारा पडला. टेकडीवर धुंडिराज एकटे. वहिनी पायथ्याशी राखणीला उभ्या राहिल्या, कुणी वर जाऊ नये म्हणून. स्वतःचा श्वाससुद्धा त्या जपून सोडत होत्या. आणि त्यांनी टेकडीकडे पाठ केली. म्हणजे बघायचं नाही आणि विचारायचंही नाही. आजवर त्यांनी पुष्कळ व्रतं केली होती, पण इतकं कडक एकही नव्हतं.

कितीतरी वेळाने वरून हाक आली. "वहिनी, या."

त्या नाक धरून वर गेल्या. दुर्बिणीला डोळा लावला. मुगाचा दाणा. हिरवट निळसर. जागच्या जागी, निवांत, कुणी अलगद ठेवून दिल्यासारखा.

वहिनींना दम कोंडला तरी डोळा काढवेना. शेवटी चार पावलं दूर जाऊन त्यांनी श्वास घेतला.

"एवढासा आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि केवढा लांब एकटाच राहतो."

धुंडिराजांनी शेपटीचं टोक हलवलं. त्या रात्री त्यांच्या परातीत तांदूळ जास्त होता.

संक्रांतीचा मेळावा दिवस कलता कलता भरला. मधोमध दगडाचं व्यासपीठ. त्याच्यासमोर, लोकांच्या पलीकडे, दोन सागांच्या मधे ताणलेला पांढरा पडदा. प्रोजेक्टर होता. तो कुठून आला ते विचारू नका. सरकारी होता. धुंडिराजांनी आपला कॅमेराही आणला होता, फोटो कसा काढतात ते दाखवायला. तो टेबलावर ठेवून त्याची वायर प्रोजेक्टरला जोडली होती. व्यासपीठाच्या कडेला गॅसबत्ती फसफसत होती. व्यासपीठाच्या पायाशी, पडद्याकडे तोंड करून वाघोबा बसले होते, त्यांच्या हाताशी तिळगुळाचं तबक होतं. येईल त्याला ते एकेक लाडू देत आणि गोड बोला म्हणून दरडावत.

काळोख पडला तसे गॅसबत्ती सोडून बाकीचे दिवे मालवले. पडद्यावर फोटो आला.

सगळा काळा पडदा. मधोमध एक हिरवट ठिपका.

"कुठाय?" कुणीतरी म्हणालं.

कोल्होबा लगबगीने पडद्याकडे गेले आणि शेल्याने ठिपका पुसायला लागले. डाग आहे सरकार, निघत नाही, असं त्यांनी तिथूनच कळवलं. लोक हसले. मोरे मास्तर शेजाऱ्याला म्हणाले की मी रंग सुचवले होते.

वाघोबांनी जांभई दिली. "एवढाच?"

"सरकार, तो फार लांब आहे," धुंडिराज म्हणाले.

"लांब असला म्हणून काय झालं? दरबारात आणायचा तर जरा मोठा करून आणायचा. आम्ही काय मूग निवडायला बसलोय?"

यावर जो हशा पिकला तो धुंडिराजांना पुरा ऐकूसुद्धा आला नाही. व्यासपीठाच्या मधोमध त्यांची गुंडाळी झाली होती.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या व्यासपीठावर चढल्या. चार शब्द सुनवायचे म्हणून त्यांनी जोरात टेबलावर पंजा आपटला. पंजा टेबलावर पडला नाही. तो कॅमेऱ्याच्या बटणावर पडला, आणि कॅमेऱ्याचं तोंड होतं धुंडिराजांच्या गुंडाळीकडे.

पडद्यावर नवा फोटो आला.

काळाकभिन्न अंधार. त्यात एक भलामोठा गोल. एका अंगाला गॅसबत्तीचा पिवळा उजेड, दुसरं अंग काळोखात बुडालेलं. पृष्ठभागावर रांगेने उंचवटे, रांगेने खाचा, प्रत्येकीची सावली वेगळी.

जंगलाने माना उंच केल्या. मग एक लांब "अहाहा" उठला, आणि वाघोबा सरकार आसनावरून उभे राहिले. ते शेवटचे कधी उभे राहिले होते ते कुणाला आठवेना.

"याला म्हणतात ग्रह," ते म्हणाले.

सगळ्यांची तोंडं पडद्याकडे होती. ज्याचा फोटो तो त्यांच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर, तसाच्या तसा पडला होता. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. आभाळातली गोष्ट बघायला मागे कोण वळतं?

कोल्होबांच्या मनात तेवढी शंका आली. शंका येणं हा त्यांचा धंदाच होता. ग्रहाच्या कडेला ते शेपटीसारखं काय दिसतंय, त्यांनी विचारलं.

मोरे मास्तरांनी घसा साफ केला. त्यांनी सांगितलं की काही ग्रहांना कडं असतं, आणि थंडीच्या दिवसांत ते सुटून एका बाजूला लोंबतं.

लोकांनी माना डोलावल्या. तरी कोल्होबांनी डोळे बारीक केले आणि वहिनींकडे वळून विचारलं, "वहिनी, तुम्ही शेजारी. तुम्हाला सगळं माहीत असतं. हा हर्षलच का?"

आता, बाळांनो, मथुरावहिनींची ख्याती काय? त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आजवर एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली नव्हती. कोल्होबांना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी विचारलं.

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. मग गुंडाळीकडे पाहिलं. मग टेकडीकडे पाहिलं. मग वाघोबांच्या तबकातला सगळ्यात मोठा तिळगुळाचा लाडू उचलला, तोंडात कोंबला आणि मान हलवली. वरून खाली.

निकाल लागला. टेकडी धुंडिराजांची. टाळ्यांनी जंगल दणाणलं.

मेळावा पांगल्यावर वहिनी गुंडाळीपाशी बसून राहिल्या. हळूहळू गुंडाळी उलगडली.

"वाजत काय होतं?" धुंडिराजांनी विचारलं. "टाळ्या?"

वहिनींनी मान हलवली.

"म्हणजे त्यांना तो दिसला? एवढासा होता तरी दिसला?"

वहिनींनी पुन्हा मान हलवली.

धुंडिराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "मी म्हणत होतो ना. खरं असलं की लोकांना उशिरा का होईना दिसतं. आपण फक्त रंग फासायचे नाहीत."

त्यावर वहिनी हुबेहूब आपल्या यजमानांसारखं "हं" म्हणाल्या. लाडू अजून तोंडातच होता. त्यातला तीळ न् तीळ भिजला होता.

पुढे तो मोठा फोटो दरबारात लागला. मोरे मास्तरांनी शाळेत शिकवायला घेतलं की हर्षल ग्रह खवल्यांनी आच्छादलेला आहे आणि घाबरला की आकसतो. कोल्होबांनी लाल बदाम दरबाराच्या दाराशी उभं केलं आणि ग्रहासोबत सेल्फीची सोय केली. धुंडिराजांना दरबारातून सत्काराची बोलावणी येत. वहिनी ती दारातच अडवून परस्पर कळवत की त्यांना बरं नाही.

आणि रोज दिवेलागणीला टेकडीवरून हाक येई, "वहिनी, या." वहिनी चूल विझवत, नाक धरून वर जात आणि मुगाचा दाणा बघून येत. सगळ्या जंगलात हर्षल पाहिलेले तेवढे दोघेच. बाकीच्यांचा बघून झाला होता.

तात्पर्य : ग्रहाचा फोटो काढायला चिकाटी लागते, थंडी लागते आणि शेजाऱ्यांना भाजी गार खावी लागते. तो लोकांना पटायला यातलं काहीच लागत नाही. तेव्हा बाळांनो, दूरचं खरं दाखवायला निघालात तर जवळचं एखादं मोठं आणि गोल हाताशी असू द्या. शेजारीण भोचक असली तरी चालेल, फक्त वेळेला तिच्या तोंडात लाडू असावा.